रिट प्रॅक्टिस करायचीय: एजीपी व्हायचं की प्रायव्हेट राहायचं?

एलएलबीच्या शेवटच्या वर्षातली मुलं, नाहीतर हायकोर्टात तीन-चार वर्षं काढलेले ज्युनिअर, हा प्रश्न हमखास विचारतात की कॉन्स्टिट्यूशनल लॉ करायचाय तर सरकारी पॅनेलवर, म्हणजे एजीपी (असिस्टंट गव्हर्नमेंट प्लीडर, सहाय्यक सरकारी वकील) वगैरे म्हणून जाऊ का प्रायव्हेटच राहू. मी दोन्ही बाजूंनी उभा राहिलोय, मुंबईत, अपीलेट साइडला, त्यामुळे खालचं सगळं मुंबई हायकोर्ट डोळ्यासमोर ठेवून लिहितोय, नागपूर, संभाजीनगर, गोव्याला तपशिलात थोडा फरक पडेल.

आधी एक सांगतो कारण इथेच बऱ्याच जणांची अपेक्षा चुकते. रोजच्या बोर्डावर (त्या दिवशीच्या केसेसच्या यादीवर) केशवानंद भारतीसारखा घटनेची दिशा ठरवणारा खटला येत नाही. कलम 226 खालच्या रिट, म्हणजे सरकारी निर्णयाविरुद्ध थेट हायकोर्टात केलेल्या याचिका येतात, उदाहरणार्थ शिक्षणाधिकाऱ्याने शिक्षकाचं अप्रूव्हल नाकारलं, भूसंपादनाचा मोबदला अडकला, टेंडरमधून बाहेर काढलं, तडीपारी, एमपीडीए या राज्याच्या प्रतिबंधक कायद्याखालची स्थानबद्धता, प्रभागरचना, जातवैधता. कलम 14 (समानता) आणि 21 (जीवित व स्वातंत्र्य) याच कागदांमध्ये राहतात. यात ज्याला खरंच रस वाटतो त्यानेच पुढचं वाचावं, कारण दोन्हीकडे काम हेच आहे, फक्त टेबलाची बाजू बदलते.

आता सरकारी बाजू. वर महाधिवक्ता, कलम 165 प्रमाणे राज्यपालांनी नेमलेले आणि त्यांची मर्जी असेपर्यंत पदावर, त्यांच्या खाली सरकारी वकील म्हणजे जीपी, मग अॅडिशनल जीपी, एजीपी आणि पॅनेलवरचे वकील. नेमणुका विधी व न्याय विभागाकडून, 1984 च्या लॉ ऑफिसर्स नियमांखाली होतात. घरच्यांना हे नीट समजावून सांगा, कारण ‘सरकारी’ म्हटलं की त्यांना पेन्शन दिसते. ही कायमची नोकरी नाही, सनद तुमचीच राहते, मुदत संपली की किंवा सरकार बदललं की पॅनेलही बदलू शकतं. सुप्रीम कोर्टाने 2016 मध्ये पंजाबच्या प्रकरणात सांगितलंय की सरकारी वकिलांच्या नेमणुका मनमानी नकोत, रास्त आणि पारदर्शक निवड हवी. तरी ओळखपाळख अजिबात लागत नाही असं मी तुम्हाला सांगणार नाही.

पण एजीपीला जे मिळतं ते दुसरीकडे त्या वयात मिळत नाही, ते म्हणजे उभं राहणं. राज्याविरुद्धच्या प्रत्येक रिटमध्ये कोणीतरी सरकारतर्फे उभं राहायलाच लागतं, त्यामुळे चार-पाच वर्षांच्या प्रॅक्टिसवाला वकील एका दिवसात एकाच कोर्टात महसूल, शिक्षण, गृह, नगरविकास अशा चार खात्यांच्या मॅटरमध्ये बोलतो आणि समोर बरेचदा सीनिअर काउन्सेल असतो. पुस्तकातून येत नाही अशी एक गोष्ट यातून येते, जजने मधेच थांबवून प्रश्न विचारला की न घाबरता सरळ उत्तर देणं. हो असेल तर हो, नाही तर नाही.

त्याची दुसरी बाजू पण बघा. आदल्या संध्याकाळी बोर्ड लागतं, तुमच्या नावावर पुढच्या दिवसाची मॅटर येतात, काहींची फाइल हातात असते, काहींची फक्त पिटिशनची कॉपी. मग मंत्रालयातल्या कक्ष अधिकाऱ्याला फोन, तो म्हणतो फाइल वर गेलीय, जिल्ह्याला फोन, तिथला लिपिक म्हणतो साहेब दौऱ्यावर आहेत, पॅरावाइज रिमार्क्स, म्हणजे पिटिशनमधल्या प्रत्येक मुद्द्यावर खात्याचं उत्तर, मागवून दोन तारखा झालेल्या असतात आणि सकाळी कोर्ट विचारतं, इन्स्ट्रक्शन्स आहेत का. तुम्ही वेळ मागता, कोर्ट चिडतं, ऑर्डरमध्ये ‘शेवटची संधी’ येते आणि ऐकून तुम्हाला घ्यावं लागतं, रिमार्क्स न पाठवणाऱ्याला नाही. हे अधूनमधून होत नाही, हेच रोजचं काम आहे. पण ज्या दिवशी फाइल येते त्या दिवशी टिपणीची पानं उलटताना कळतं की निर्णय नेमका कुठल्या टेबलावर वळला, सेक्शनने काय लिहिलं होतं, वर जाऊन काय बदललं. राज्य आतून कसं चालतं हे शिकायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. पिटिशनरच्या वकिलाला त्यातला फक्त शेवटचा कागद दिसतो.

प्रायव्हेटमध्ये सुरुवात सीनिअरच्या चेंबरला. ड्राफ्टिंग, सिनॉप्सिस, तारखांची यादी, जजमेंट शोधणं, कोर्टात मागे उभं राहून चिठ्ठी पुढे सरकवणं, आणि पैसे जवळपास नाहीत. बार कौन्सिल ऑफ इंडियाने 2024 मध्ये ज्युनिअरना शहरात महिना 20 हजार आणि ग्रामीण भागात 15 हजार स्टायपेंड द्यावा असं सुचवलं, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. मुंबईत घर नसलेल्या मुलाला पहिली काही वर्षं प्रायव्हेटमध्ये काढणं खरोखर जड जातं आणि यावर बोललंच जात नाही याचा मला मनापासून राग येतो, कारण चांगली मुलं हुशारी कमी पडली म्हणून गळत नाहीत, भाडं भरता येत नाही म्हणून गळतात.

मग कोणी प्रायव्हेट का राहावं? तर अशील आणि मुद्दा, दोन्ही तुम्ही निवडता. जातवैधतेचंच घ्या. अॅडमिशनची शेवटची तारीख तोंडावर, जातपडताळणी समितीने मुलीचा अनुसूचित जमातीचा दावा फेटाळलेला, आणि वडील प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन चेंबरला येतात, पणजोबांच्या शाळेच्या दाखल्याची नक्कल, गावनमुन्याचा उतारा, चुलत्याचं वैधता प्रमाणपत्र, सगळं घड्या पडलेलं. तुम्ही वंशावळ काढायला बसता, 1950 च्या आधीची नोंद शोधता, कारण अनुसूचित जमातींच्या यादीचा राष्ट्रपतींचा आदेश 1950 चा आणि त्याआधीच्या कागदाला जास्त वजन, मग लक्षात येतं की वडिलांच्या बाजूच्या रक्ताच्या नातेवाइकाला वैधता मिळालेली असेल तर काय करायचं याचा अपूर्वा निचळे प्रकरणातला 2010 चा निकाल आपल्याच हायकोर्टाचा आहे. रात्रीत पिटिशन, सकाळी मेन्शनिंग (तातडीने ऐका अशी कोर्टाला विनंती), आणि तात्पुरता दिलासा मिळाला तर त्या मुलीचं वर्ष वाचतं. राज्यघटना माणसाच्या अंगाला लागते ती इथे. हीच केस एजीपी म्हणून माझ्याकडे आली असती तर समितीचा आदेश मला टिकवायला उभं राहावं लागलं असतं, आणि आदेश चुकलाय असं वाटलं तरी माझ्या हातात एवढंच असतं की खात्याला लेखी कळवायचं आणि कोर्टाला खरं रेकॉर्ड दाखवायचं. (चांगले एजीपी हे करतात आणि जज ते लक्षात ठेवतात.)

म्हणजे फरक पैशाचा आहे त्याहून जास्त, युक्तिवाद कोणाचा, याचा आहे. त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण मुंबईनेच दिलंय. होरमसजी सिरवई 1957 ते 1974 आधी मुंबई राज्याचे आणि मग महाराष्ट्राचे महाधिवक्ता, नानी पालखीवाला खाजगी वकिलीतले, आणि केशवानंद भारती प्रकरणात दोघं समोरासमोर, सिरवई केरळ सरकारतर्फे, पालखीवाला याचिकाकर्त्यातर्फे. 13 न्यायमूर्ती, 68 दिवस सुनावणी, 24 एप्रिल 1973 ला 7 विरुद्ध 6 असा निकाल. संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा नाही असं सांगणाऱ्या सिरवईंनी पुढे स्वतःच्या ग्रंथात मूलभूत चौकटीचं तत्त्व, म्हणजे दुरुस्तीने घटनेचा गाभा बदलता येत नाही हे, मान्य केलं. सरकारी बाजूने बोललं म्हणजे डोकं गहाण पडलं असं अजिबात नाही हे त्यातून दिसतं. आणि फली नरिमन बघा, मुंबईतून दिल्लीला अॅडिशनल सॉलिसिटर जनरल, म्हणजे केंद्र सरकारचे वकील म्हणून गेले, जून 1975 मध्ये आणीबाणी आली आणि त्यांनी राजीनामा दिला. राजीनामा देता आला कारण परत जायला स्वतःची प्रॅक्टिस उभी होती. तुम्ही पॅनेलवर जाताना स्वतःला हाच प्रश्न विचारा, उद्या सोडावं लागलं तर हातात काय असेल?

कारण पॅनेलवरचा खरा धोका तो आहे. सरकारविरुद्ध ब्रीफ (अशिलाची केस) घेता येत नाही, आणि रिट प्रॅक्टिसमध्ये जवळपास सगळंच सरकारविरुद्ध असतं, म्हणजे तुमचे अशील हळूहळू दुसऱ्या चेंबरला जातात. दहा वर्षं तिथेच काढून बाहेर आलेल्या वकिलाला कोर्टात सगळे ओळखतात, अशील मात्र एकही ओळखत नाही. पैशाचं म्हणाल तर फी सरकारी दराने, बिलं पास व्हायला वेळ लागतो, पण मॅटरची संख्या भरपूर असल्यामुळे काहीतरी येत राहतं. प्रायव्हेटमध्ये सुरुवातीला काहीच नाही आणि नाव झालं की मर्यादा नाही, मधली वर्षं मात्र एका महिन्यात तीन ब्रीफ तर दुसऱ्यात शून्य अशी.

ज्याला कोर्टात उभं राहायचंच नाही पण घटनात्मक कायद्यातच राहायचंय त्याच्यासाठी तिसरा रस्ता आहे, मंत्रालयात विधी व न्याय विभाग, दिल्लीत इंडियन लीगल सर्व्हिस. विधेयकांचा मसुदा, खात्यांना सल्ला, पगार आणि स्थैर्य. हे काम फार महत्त्वाचं आहे आणि त्याची कदर कमी होते. दिल्लीला प्रायव्हेट जायचं असेल तर अॅडव्होकेट ऑन रेकॉर्डची (एओआर, सुप्रीम कोर्टात केस दाखल करू शकणारा वकील) परीक्षा आहे, त्याआधी चार वर्षं प्रॅक्टिस आणि मग एओआरकडे एक वर्ष ट्रेनिंग.

माझं मत विचाराल तर लॉ कॉलेजमधून थेट पॅनेलकडे धावू नका. आधी चार-पाच वर्षं अशा चेंबरला काढा जिथे रिट रोज दाखल होतात, ड्राफ्टिंग पक्कं करा, कारण एजीपी झाल्यावर ड्राफ्टिंग शिकवायला कोणाला वेळ नसतो. मग संधी आली तर एक मुदत एजीपी म्हणून करा, पूर्ण जीव ओतून करा, आणि दुसरी मुदत घेण्याआधी थांबून बघा की अजून शिकताय का फक्त तारखा घेताय. घरची परिस्थिती ओढाताणीची असेल तर मात्र पॅनेल लवकर घेण्यात काही कमीपणा नाही, कोणी काही म्हणो.

आणि सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या मुलांनी मुंबईतली खोली भाड्याने घ्यायच्या आधी कोल्हापूरला एक आठवडा बसून यावं. ऑगस्ट 2025 पासून तिथे मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच चालू आहे, या सहा जिल्ह्यांच्या रिट तिथे लागतात, सरकारतर्फे उभे राहणारे वकील तिथेही लागतात आणि पिटिशनरचे पण, आणि घरी राहून सुरुवात करता येणं हा फरक पहिल्या पाच वर्षांत फार मोठा असतो.