सहा महिने कोल्ड फ्रेम: पालक पास, मेणाची नळी नापास

कोल्ड फ्रेम म्हणजे थंडीत भाजी लावायची पारदर्शक झाकणाची पेटी. तिच्या बिघडलेल्या ओपनरबद्दल काल कंपनीचं शेवटचं उत्तर आलं. ओपनर ‘ॲक्सेसरी’त मोडतो, वॉरंटी फक्त फ्रेमला. म्हणजे झाकण उघडणारी नळी पेटीच्या खोक्यातच आली, पण पेटीची नाही! २८ डॉलरच्या नळीसाठी अकरा मेल झाले, नऊ फोटो पाठवले. आता इथे लिहूनच टाकतो.

पेटी नेहमीचीच: ४ मिलिमीटरचं दुहेरी पॉलिकार्बोनेट, ॲल्युमिनियमची चौकट. हीटर नाही, वायर नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनला घरामागे दक्षिणेकडे तोंड करून लावली. हिवाळ्यात ओक ट्री रोडच्या देशी दुकानात मरतुकडी मेथीची जुडी तीन डॉलरला घेताना जीव जातो, म्हणून हा उद्योग. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, “अरे, थंडीतच तर मेथी येते, त्यात काय एवढं?” सांगलीच्या थंडीत येते, आई. इथे जमिनीचा दगड होतो.

पहिली चूक माझीच. पालक सप्टेंबरच्या सुरुवातीला पेरला, पण मेथी-कोथिंबीर पेरायला ऑक्टोबर संपत आला. इथे साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत दिवस दहा तासांहून लहान असतो. तेवढ्या उजेडात रोप जगतं, वाढत नाही. मेन राज्यात वर्षानुवर्षं हिवाळी भाजी काढणारे एलियट कोलमन हेच घोकून सांगतात, की भाजी त्याआधी तयार हवी. मी ऐकलं नाही. मेथी दोन बोटांवर थांबली ती थांबलीच.

आता त्या नळीबद्दल. आत मेण असतं. ऊन लागलं की ते फुगतं, दट्ट्या ढकलतं, झाकण उचललं जातं. गारवा आला की स्प्रिंग ते खाली ओढते. वीज नाही, बॅटरी नाही. पहिले दोन महिने घरी आलेल्या प्रत्येकाला जॅकेट घालायला लावून मी ते बघायला मागे नेलंय. बाहेर ४० फॅरनहाइट (४ सेल्सिअस) असलं तरी उन्हात पेटीत ९० (३२ सेल्सिअस) होतं; नळी नसती तर पालक जागेवरच शिजला असता.

मग जानेवारीत एका रात्री पडता पडता गोठणारा पाऊस आला. झाकण चौकटीला बर्फाने चिकटलं. सकाळी ऊन पडलं, मेण फुगलं, दट्ट्या ढकलत राहिला. झाकण हलेना, मग ब्रॅकेटच वाकला. दुपारी बर्फ सुटला आणि झाकण चार बोटं उघडं राहिलं, ते रात्रभर. मला अंधारात कळलंसुद्धा नाही. पारा १२ फॅरनहाइटवर (उणे ११ सेल्सिअसवर) गेला होता.

सकाळी बघतो तर मेथी काळी. पालक थंडीपासून झाकायच्या पांढऱ्या फ्रॉस्ट-कापडाखाली जमिनीला चिकटलेला, पानं पापडासारखी कडक, कडेला बारीक दव गोठलेलं. मनातल्या मनात पेटीला पाचपैकी एक तारा देऊन ऑफिसला गेलो.

अकराला बायकोचा मेसेज: “पालक उठलाय.”

खरंच उठला होता. गोठलेलं पान हात न लावता सुटू द्यायचं, तोडायचं ते नंतर, हे तेव्हा शिकलो. थंडीत पालक पानात साखर साठवतो हे वाचलं होतं. त्या रविवारच्या ताकातल्या पातळ भाजीत ते जिभेला कळलं. बायको म्हणाली, “गूळ किती घातलास?” घातलाच नव्हता. त्या एका भाजीने माझे दोन तारे वाढले.

कोथिंबीर कापडाखाली मुकाट्याने तगली, तिच्याबद्दल तक्रार नाही. मेथी फेब्रुवारीत पुन्हा पेरली, आता चार बोटं आहे.

हिशोब: पेटी १७० डॉलर, आजवर १४ जुड्या पालक, म्हणजे जुडीला तीन धरून ४२ वसूल. १२८ अजून मातीत आहेत. त्यात नवीन नळीचे २८ मी घालणार नाही. सध्या झाकणाखाली जुनं लाटणं टेकवतो. मी आठला निघतो, ऊन दहाला येतं, त्यामुळे घरून काम करणाऱ्या बायकोला माझा रोज एकच मेसेज असतो: “झाकण उघडलंस का?” परवा तिने उलटा पाठवला: “पोळ्या करायच्यात. लाटणं आत आणू की झाकण उघडं ठेवू?”