गालावरचा चट्टा आणि लॉजवरचा ‘कोडतज्ज्ञ’

कोल्हापुरात स्टँडच्या आसपासच्या लॉजवर अधूनमधून कोडाचे ‘तज्ज्ञ’ येऊन बसतात. ‘फक्त एक दिवस, शंभर टक्के गॅरंटी’ असं हँडबिल पेपरातून घरात येतं. त्यातल्या एकानं माझ्या भावाला साडेसहा हजारांना गंडवलं.

भाची दुसरीत आहे. सुट्टीत उन्हात खेळून रापली आणि दोन्ही गालांवर फिकट चट्टे उठून दिसायला लागले. आई म्हणाली, जंत असतील. शेजारच्या काकू म्हणाल्या, कॅल्शियम कमी. वहिनीच्या मनात मात्र कोडच. पोरीची जात, पुढं लग्नाचं कसं?

त्या माणसानं गालाला हातही न लावता सांगितलं, “ताई, कोडाची सुरुवात आहे. वेळेत आलात.” मग अल्बम काढला, औषधाच्या आधीचे आणि नंतरचे चेहरे. भाचीचाही फोटो मोबाईलवर घेतला. पथ्य: आंबट बंद, दूध-मासे बंद, पांढरा रस्सा बंद. (रंग पांढरा म्हणून! कोल्हापुरात बसून हे सांगायला छाती लागते.) लेबल नसलेली तेलाची बाटली, काही पुड्या, पैसे रोख, पावती नाही.

तेल लावून पोरीला उन्हात बसवायचं होतं. गाल लालबुंद झाले, फोड आले. फोनवर उत्तर मिळालं, “रोग बाहेर पडतोय. आता दुसरा कोर्स घ्या.”

तिथून भाऊ थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे गेला. फोड बघताच बाईंनी विचारलं, “बावचीचं तेल लावलंय का?” बावची या औषधी वनस्पतीत सोरालेन नावाचं द्रव्य असतं, ते लागलेल्या कातडीला ऊन सोसत नाही. कोडावर सोरालेनचा उपचार आहे, पण तो डॉक्टरांच्या देखरेखीत, प्रकाश मोजून देतात. आणि भाचीला कोड नव्हतंच. होता पिटिरायसिस अल्बा: लहान मुलांच्या गालावर येणारे फिकट, कोरडे चट्टे, कडा अस्पष्ट, वर बारीक कोंडा. भोवतालची कातडी रापली की जास्त दिसतात, एवढंच. ना जंत, ना कॅल्शियम. साधं मॉइश्चरायझर लावायचं आणि काही महिने धीर धरायचा.

कोडाचा डाग दुधासारखा पांढरा, कडा रेखीव, कोंडा नाही. बहुधा ओठ, डोळे, बोटं, गुडघे इथं येतो, कधी डागावरचे केसही पांढरे होतात. तो संसर्गजन्य नाही. शिबं वेगळी: बुरशीमुळं छाती-पाठ-मानेवर येतात, नखानं खरवडलं की भुकटी निघते, औषधानं बुरशी गेली तरी फिकटपणा बरेच दिवस राहतो. टिकलीच्या गोंदानं किंवा रबरी चपलेच्या पट्ट्याखाली रंग गेला असेल तर आधी ती वस्तू बंद करा. आणि चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल तर उशीर नको, कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळतं. घरी बघून शंका घेता येते, निदान नाही. डॉक्टर वुड्स लॅम्पखाली (अतिनील प्रकाशाच्या दिव्याखाली) बघतात, गरज पडली तर कोंडा खरवडून तपासतात.

आता त्या अल्बमची गंमत. दिसेल त्या चट्ट्याला कोड म्हणायचं. त्यातले कितीतरी आपोआप जाणारे असतात, ते गेले की झाला ‘नंतरचा’ फोटो. खरं कोड असलेला माणूस मात्र कोर्सवर कोर्स घेत राहतो. पुढं भाचीचे गाल साफ झाले, तेव्हा यानं स्वतःहून फोन केला, “ताई, आताचा फोटो पाठवा की.” वहिनीनं काय सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

कोड बरं करण्याची जाहिरात करायलाच 1954 च्या औषधे व जादूई उपचार कायद्यानं बंदी आहे. म्हणून असलं हँडबिल रद्दीत टाकू नका, आलेल्या तारखेसकट ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रारीला जोडा. आमच्याकडे पावती नव्हती, हँडबिल तेवढं होतं. तक्रारीला तेच जोडलंय.