सांड्याचे तेल : जतच्या बाजारातल्या बाटलीविषयी

जत तालुक्यातील यात्रांमध्ये आणि आठवडी बाजारांत रस्त्याच्या कडेला गोणपाट अंथरून विकले जाणारे सांड्याचे, म्हणजे काटेरी शेपटीच्या वाळवंटी सरड्याच्या चरबीचे, तेल आमच्या मामांनी गुडघेदुखीसाठी घेतले. लहानशा बाटलीला दोनशे रुपये पडले. विक्रेत्याच्या स्टोव्हवर कढई होती आणि शेजारी जिवंत सांडे पडलेले होते. गर्दी अंगावर येत असूनही त्यांतला एकही हलत नव्हता, कारण पळून जाऊ नयेत म्हणून सांडे पकडणारे बहुधा त्यांचा कणाच मोडून ठेवतात.

तेल पातळ, पिवळसर आहे आणि त्याला कापराचा उग्र वास येतो. चोळल्यावर ऊब वाटते, पण तासाभरात दुखणे पुन्हा जागेवर येते. बाटली संपली तरी मामांना जिना चढताना कठड्याचा आधार लागतोच. एवढा आराम कोमट तिळाच्या तेलानेही पडतो.

‘हा प्राणी वाळवंटात पाण्यावाचून जगतो, म्हणून याच्या चरबीत ताकद,’ असे विक्रेता सांगतो. सांडा पाण्यावाचून जगतो, कारण तो मुख्यतः पाने, फुले व गवत खातो आणि त्यांतूनच त्याला ओलावा मिळतो. यात औषधी असे काहीच नाही. शेपटीतली चरबी ही त्याची हिवाळ्याची बेगमी असते. थंडीत तो बिळाचे तोंड आतून मातीने बुजवून निजतो आणि ऊन तापेपर्यंत त्याच साठ्यावर तग धरतो.

जैसलमेरकडे मी हा प्राणी पाहिला आहे. ऊन चढल्यावर त्याने आधी फक्त डोके बाहेर काढले, मग बिळाच्या तोंडाशीच अंग शेकत तो बराच वेळ बसून राहिला. सुरुवातीला काळपट दिसणारे त्याचे अंग तापत गेले तसतसे फिकट, वाळूच्या रंगाचे झाले. वर घारीची सावली फिरताच तो क्षणात आत गेला. शत्रू बिळापर्यंत आला तर सांडा काटेरी खवल्यांच्या शेपटीने वाट अडवतो. कोल्ह्याला हे जड जाते, कुदळीला मात्र जात नाही. सांड्यांची बिळे एकाच माळावर जवळजवळ असतात, त्यामुळे खणणाऱ्यांना एकाच फेरीत अख्खी वस्ती सापडते. मादी मात्र वर्षातून एकदाच अंडी घालते.

आपल्याकडे सांडा आढळत नाही. कच्छ-राजस्थानातून मोडक्या कण्यानिशी त्याला इथवर आणले जाते आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्याला पकडणे व विकणे हा गुन्हा आहे. त्यामुळे हे तेल घेऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगतो. बाजारात असे गोणपाट दिसल्यास वाद न घालता महाराष्ट्र वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे आणि गुडघा दुखत असेल तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे.