लॅम्डा उडवणारा कोर्स: व्हॅलिडिटी संपल्यानंतरचा अनुभव

कोर्सचं नाव देत नाही, भांडण अजून चालू आहे. एम.ए.ला अर्थशास्त्राचं गणित ज्यांच्या मानगुटीवर बसलंय, त्यांना सिलॅबस सांगायला नको. 4,999 रुपये भरताना फोनवरचा मुलगा ‘लाइफटाइम’ म्हणाला होता. ऐन परीक्षेच्या तोंडावर ॲप उघडलं, तर व्हॅलिडिटी संपली! सपोर्टला फोन केला. ‘मैम, हम आपकी परेशानी समझते हैं.’ एवढं समजून त्यांनी फोन ठेवला.

मॅट्रिक्स, क्रेमरचा नियम वगैरे छान शिकवलंय. त्यावर तक्रार नाही.

तक्रार लॅम्डाची (λ), म्हणजे गणितातल्या अटीला, इथे बजेटला, जोडलेल्या अक्षराची. हा रिव्ह्यू मी दिवाळीतच लिहायला घेतला होता, तेव्हा दोनच तारे द्यायचे ठरवले होते. लाग्रांजच्या (अट पाळून कमाल-किमान काढायच्या) प्रत्येक गणितात सर एका समीकरणाला दुसऱ्याने भागतात, लॅम्डा उडवतात आणि म्हणतात, ‘याचं काम झालं.’ कसलं झालं? पोहे 20 रुपये, चहा 10, खिशात 400, उपयोगिता (किती समाधान मिळतं ते) xy; x म्हणजे पोह्यांच्या प्लेटी, y म्हणजे चहा. भागाकार केला की y = 2x; म्हणजे 10 प्लेट पोहे, 20 चहा, उपयोगिता 200. सर इथे पेन ठेवतात. पण पहिलंच समीकरण y = 20λ आहे, म्हणजे λ = 1. आता 400 ऐवजी 401 घालून बघा: उपयोगिता 201, वर नगण्य दशांश. खिशात एक रुपया वाढला तर किती फरक पडतो, ते λ सांगतो. खर्च कमीत कमी करायच्या गणितात हाच λ सीमान्त खर्च होतो. तोच उडवला, मग अर्थशास्त्र उरलं कुठे, नुसती बेरीज-वजाबाकी?

त्यात पहिल्याच लेक्चरला अर्थशास्त्रज्ञ मार्शलचं 1906 चं पत्र सांगितलेलं: गणित करा, साध्या भाषेत मांडा, खरी उदाहरणं द्या, मग गणित जाळा. मार्शल शेवटी जाळायला सांगतो, सर आधीच काडी लावतात.

पण पुढे एन्व्हलप प्रमेयाचं (बजेटसारखी गोष्ट बदलली की सर्वोत्तम उत्तर किती बदलतं, त्याचं) लेक्चर आलं आणि मला लिहिलेलं खोडावं लागलं. सरांनी तीच जुनी गणितं पुन्हा काढली, प्रत्येकातला λ परत आणला आणि बजेट बदललं की काय होतं ते एकेक करून दाखवलं. ते लेक्चर मी लागोपाठ दोनदा पाहिलं. हे तिसऱ्या आठवड्यात का नाही सांगितलं, भिया? बॉर्डर्ड हेसियनही (उत्तर कमाल की किमान ते तपासायचं मॅट्रिक्स) तिथेच डोक्यात शिरलं. वरच्या उदाहरणात डिटरमिनंट 400 येतो, धन, म्हणजे कमालच. (बजेटही 400, हा योगायोग. अर्थ शोधत बसू नका.)

आता मुदतवाढीचे 1,500 मागतायत. देणार नाही. तेवढ्यात इंदूरच्या खजुरी बाजारात जुनं पुस्तक येईल, बाइंडिंगही होईल. तारे तीन. चौथा एन्व्हलपवाल्या लेक्चरने कमावला होता, तो सपोर्टवाल्यांनी घालवला. माझ्या वहीचे फोटो कुणी मागू नयेत. ज्यांनी कोर्स घेतलाय, त्यांनी मात्र ते लेक्चर मुदत संपायच्या आत बघून घ्या.