गोंदात गेलेला शेवटचा आकडा

पहिल्या महायुद्धात लढलेल्या २५१ जर्मन डिव्हिजनांची (म्हणजे अनेक रेजिमेंटा मिळून बनणाऱ्या मोठ्या सैन्यदलांची) माहिती अमेरिकन लष्कराच्या गुप्तवार्ता शाखेने गोळा केली होती आणि १९२० मध्ये ती वॉशिंग्टनला छापून निघाली. स्वामित्वहक्काचे बंधन नसलेल्या या सातशेहून अधिक पानांच्या ग्रंथाची स्कॅन प्रत मी ठाण्यात नौपाड्यातील एका छपाईच्या दुकानात दोन खंडांत छापायला दिली. त्या कामाचा हा अभिप्राय आहे. तक्रारीचा भाग मोठा असल्याने दुकानाचे नाव देत नाही.

छपाईबद्दल मात्र तक्रार नाही. कागद किंचित पिवळसर आणि डोळ्यांना सुखावणारा आहे, मागच्या पानाची शाई पुढे दिसत नाही आणि जुन्या बारीक टाइपातील तीन आणि आठ हे आकडे वेगळे ओळखता येतात. घोळ बांधणीत झाला. जुजबंदीची, म्हणजे पानांचे जुडगे दोऱ्याने शिवण्याची, शिलाई न करता सुटी पाने गोंदाने चिकटवली गेली आणि आतल्या बाजूला जादा समास सोडला नाही; त्यामुळे डाव्या पानावरील कोष्टकांचा उजवीकडचा शेवटचा रकाना गोंदात गडप झाला आहे.

ज्याने हा ग्रंथ कधी वापरलेला नाही, त्याला ही कुरकुर क्षुल्लक वाटेल. परंतु कोणत्या वर्षी कोणती रेजिमेंट डिव्हिजनमध्ये होती, हे सांगणारी कोष्टके हाच या ग्रंथाचा जीव आहे, आणि राखीव डिव्हिजनांच्या बाबतीत तर ती अधिकच मोलाची आहेत. सक्तीची लष्करी सेवा संपवून घरी गेलेल्या, कामधंद्याला लागलेल्या पुरुषांना परत बोलावून या डिव्हिजना उभ्या केल्या जात. नियमित डिव्हिजनजवळ ७२ तोफा असत, राखीव डिव्हिजनजवळ साधारण त्याच्या निम्म्या. असे सैन्य पहिल्या फळीत उतरणार नाही, असा फ्रेंच सेनापतींचा होरा होता आणि ऑगस्ट १९१४ मध्ये तो सपशेल चुकला.

मी हा ग्रंथ घेतला तो मुख्यतः दक्षिण जर्मनीतील वुर्टेंबर्गच्या २६ व्या राखीव डिव्हिजनसाठी. निवृत्तीतून परत बोलावलेले फ्रान्झ फोन झोडेन तिचे सेनापती होते. सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस ती फ्रान्समधील सोम नदीच्या परिसरात आली आणि पुढे सुमारे एकवीस महिने तीच जमीन खणत राहिली. खडूच्या मऊ दगडात खोलवर कोरलेल्या त्या तळघरांचा उपयोग १ जुलै १९१६ रोजी, ब्रिटिशांच्या हल्ल्याच्या दिवशी, कळला. ब्रिटिशांनी आठवडाभर पंधरा लाखांहून अधिक तोफगोळे डागूनही आतली बरीच माणसे जिवंत राहिली, आणि बोमाँ-हामेल या गावाजवळ याच डिव्हिजनच्या ११९ व्या राखीव रेजिमेंटसमोर ब्रिटिशांच्या बाजूने लढणारी न्यूफाउंडलंडची रेजिमेंट अर्ध्या तासाच्या आत जवळजवळ संपली. तिच्या सुमारे ८०० सैनिकांपैकी दुसऱ्या दिवशीच्या हजेरीला ६८ जण होते. नकाशावर हे सारे मोजक्या किलोमीटरमध्ये मावते: शेजारच्या थिएपव्हाल गावी याच डिव्हिजनची ९९ वी राखीव रेजिमेंट, ओव्हिलेरला १८० वी. ही १८० वी राखीव नव्हे, नियमित रेजिमेंट; हा बारकावाही कोष्टकावरूनच उमगतो.

आता माझ्या प्रतीत ११९ चा शेवटचा नऊ गोंदात गेला आहे आणि उरला आहे फक्त ‘११’. दक्षिणेला शेजारीच असलेल्या २८ व्या राखीव डिव्हिजनमध्ये ११० आणि १११ या रेजिमेंटा होत्या, त्यामुळे नवख्या वाचकाने यातून काय वाचावे? पान ताणून पाहिले, तर कण्यातून कट्कन आवाज आला आणि पुढची दोन पाने सुटून हातात आली.

मजकुराविषयीही एक सांगणे आहे. ही जर्मनांच्या शत्रूने पकडलेले कैदी आणि कागदपत्रे यांवरून मांडलेली माहिती आहे. डिव्हिजनांची चार दर्जांत केलेली वर्गवारी समोरच्या सैन्याला कामाची असली, तरी खंदकातल्या माणसाचा त्यात मागमूस नाही.

दुकानदारांनी ‘एवढ्या जाड पुस्तकाला असं व्हायचंच’ असे सांगितले. ते मला पटले नाही, कारण मजकूर अर्धा इंच बाहेर सरकवून छापता आला असता, आणि ते काम देतानाच विचारायला हवे होते. दुसरा खंड बांधणीला जाण्याआधीच थांबवून मी स्पायरल करून घेतला. तो टेबलावर सपाट उघडतो. पहिल्या खंडातील २६ व्या राखीव डिव्हिजनची पाने त्यांनी पैसे न घेता पुन्हा छापून दिली. ती मी घडी घालून त्याच जागी ठेवली आहेत.