कुलेब्रा बेट: फ्लेमेन्को की कार्लोस रोसारियो?

प्वेर्तो रिकोच्या कुलेब्रा बेटावर एकच दिवस हाताशी असेल, तर दोन समुद्रकिनाऱ्यांपैकी माझं मत कार्लोस रोसारियोला. दुसरा, फ्लेमेन्को, देखणा आहेच: पांढरीशुभ्र वाळू, खाण्याच्या टपऱ्या, स्वच्छतागृहं, आणि रंगांच्या थरांखाली गंजत पडलेला रणगाडा. अमेरिकी नौदल १९७५ पर्यंत या बेटावर तोफगोळ्यांचा सराव करायचं, त्याची ही खूण. पण गर्दीही इथेच. पार्किंगपासून पायवाटेने टेकडी ओलांडली की कार्लोस रोसारियो. किनारा खडकाळ, सावली बेताची, प्यायचं पाणीही सोबत न्यावं लागतं. मात्र डोकं पाण्यात घातलं की समोर प्रवाळच प्रवाळ, जांभळे, पंख्यासारखे, लाटेबरोबर डुलणारे! लहान मुलं सोबत असतील तर फ्लेमेन्कोच बरा. आणि पायवाट अजिबात सोडू नका. न फुटलेले गोळे अजूनही सापडतात.