नंबर काढला म्हणजे डोळे तपासले असं नाही

गेली कित्येक वर्षं मी चष्म्याच्या दुकानात जाऊन नंबर काढून घ्यायचे आणि डोळे तपासून झाले असं धरून चालायचे. वयाच्या ४९व्या वर्षी पहिल्यांदा नेत्रतज्ज्ञांकडे पूर्ण तपासणी करून घेतली. सोबत नवराही होता, त्याला मधुमेह आहे. दोघांचं मिळून तीन तास लागले आणि ते सत्कारणी लागले.

मी गेले ते आईमुळे. तिचा काचबिंदू, म्हणजे डोळ्यामागची नस खराब होऊन नजर जाणारा आजार, कळला तेव्हा दोन्ही डोळ्यांची कडेची नजर बरीच गेली होती. जिना उतरताना शेवटची पायरी चुकायची, दाराच्या चौकटीला खांदा लागायचा. आम्ही म्हणायचो, जरा बघून चाल. तक्त्यावरची अक्षरं मात्र ती खालपर्यंत घडाघडा वाचायची, म्हणून ज्या दवाखान्यात ती जायची तिथे दर वेळी फक्त चष्मा बदलून मिळाला. डोळ्यामागची नस कोणी पाहिलीच नाही. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली टिकावी म्हणून ती आता रोज रात्री थेंब घालते आणि नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा मिनिटभर दाबून धरते. या गोष्टीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

माझ्या तपासणीची सुरुवातच प्रश्नांनी झाली. घरात काचबिंदू कोणाला आहे, दमा, रक्तदाब, कोणती औषधं चालू आहेत. डोळे खाजले की मी एक जुनी थेंबांची बाटली वापरते, असं सहज बोलून गेले. डॉक्टरांनी लगेच बाटलीचा फोटो मागितला. त्यात स्टिरॉइड होतं. असे थेंब सल्ल्याशिवाय घालत राहिलं तर काहींच्या डोळ्यांतला दाब वाढतो आणि पुढे काचबिंदू होऊ शकतो, हे मला पहिल्यांदा कळलं. बाटली त्याच दिवशी बंद केली.

हवेची फुंकर मारणाऱ्या यंत्रावर माझा डोळ्यांतला दाब २४ आला. साधारण १० ते २१ धरतात, त्यामुळे मी घाबरलेच. मग डॉक्टरांनी डोळा बधिर करणारा थेंब घातला, पिवळा रंग लावला आणि निळ्या प्रकाशात पुन्हा मोजला. या वेळी २२. मग बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची जाडी मोजली. माझी ५८५ मायक्रॉन, सरासरी ५४०च्या आसपास असते. पडदा जाड असला की दाब आहे त्यापेक्षा जास्त दिसू शकतो. पण नुसत्या आकड्यावर त्यांनी मला घरी पाठवलं नाही, कारण दाब नॉर्मल असूनही काचबिंदू होतो. आरशाचं भिंग लावून डोळ्याचा कोन, म्हणजे आतलं पाणी बाहेर पडायची जागा, पाहिली, नसेचं स्कॅनिंग केलं.

सगळ्यात कस लागला तो फील्ड टेस्टला, म्हणजे कडेची नजर तपासणाऱ्या चाचणीला. एक डोळा झाकून, हनुवटी टेकवून, मधल्या दिव्यावर नजर खिळवून बसायचं. कडेला बारीक ठिपका चमकला की बटण दाबायचं. काही ठिपके इतके पुसट की दिसला की भास झाला, कळेना. घामाने हात ओला झाला. सारखं वाटत होतं, आईला यातलं किती दिसलं नसेल. पहिल्या वेळी ही चाचणी बऱ्याच जणांची नीट येत नाही, माझीही पुन्हा करायची आहे. यंत्रावर बसलेली मुलगी प्रत्येक टप्प्याला 'आता पापण्या मिटा, आराम करा' सांगत होती, तिचे आभार.

नवऱ्याला दोन्ही डोळ्यांनी ६/६ दिसतं, तरी थेंबांनी बाहुली मोठी करून पाहिल्यावर डोळ्याच्या आतल्या, मागच्या पडद्यावर रक्ताचे बारीक ठिपके निघाले. तूर्त साखर आणि रक्तदाब सांभाळायचा, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायचं. मधुमेह असलेल्यांनी काही त्रास नसला तरी वर्षातून एकदा पडदा तपासून घ्यायलाच हवा. त्याला मोतीबिंदूचीही सुरुवात आहे, पण त्याची घाई नाही.

तक्रारी दोन. वेळ घेताना फोनवर कोणी सांगितलं नाही की बाहुली मोठी केल्यावर काही तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड सोसत नाही. आम्ही दोघांनी एकाच दिवशी थेंब घालून घेतले, गाडी तिथेच ठेवून यावं लागलं. आणि रिपोर्टवर सगळी संक्षिप्त अक्षरं. डॉक्टरांनी समजावलं खरं, पण घरी आल्यावर कागद वाचून काही उमगेना. तरी रिपोर्ट जपून ठेवलेत, पुढच्या वेळी तुलना त्यांच्याशीच होणार.

मला सध्या काचबिंदू नाही, संशयित म्हणून सहा महिन्यांनी बोलावलंय. सख्ख्या भावंडांनाही धोका जास्त असतो म्हणून भावाला फोन केला. 'मला तर स्वच्छ दिसतं,' म्हणाला. त्याला आईच्या पायऱ्यांची आठवण करून दिली. पुढच्या गुरुवारची वेळ घेतली आहे. गाडी मी चालवणार आहे.